अर्धं हरीण आणि अण्णांचा नेम

अर्धा किलो खिमा हवा असताना अर्धं हरीण घरी घेऊन येणारा माणूस मूर्खच असतो असं नाही. कधी कधी तो नुसता इंजिनियर असतो. हृषिकेश थोरात जर्मनीत इंगोलश्टाटला मोटारींच्या कारखान्यात ब्रेकच्या विभागात होता. दिवसभर गाड्या वेळेवर थांबाव्यात म्हणून झटणाऱ्या या माणसाला स्वतःला कुठे थांबावं हे मात्र कधीच कळलं नव्हतं. त्याची बायको स्वरूपा हे लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीपासून सांगत आली होती.

नोव्हेंबर सरत आला होता. डोनाऊ नदीवरून धुकं उठायचं आणि दुपारपर्यंत तसंच बसून राहायचं. ते जरा हलतंय असं वाटेपर्यंत अंधार पडायचा. अशा दिवसांत धडधाकट जर्मन माणूससुद्धा खिडकीशी बसून सुस्कारे टाकतो. थोरातांच्या खिडकीशी तर अण्णा बसलेले असत.

अण्णा म्हणजे हृषिकेशचे वडील, वासुदेवराव थोरात, राहणार कऱ्हाड. सहकार खात्यातून लेखापरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. लोकांच्या चुका काढायचा त्यांना सरकार पगार देत असे, आणि घरी आल्यावर तेच काम ते फुकट करत. आमटी आज जरा पातळ. भाकरी बरी आहे, पण थोडक्यात करपायची वाचली. रविवारचा खिमा ठीक, मीठ कमी. लग्नकार्यात अण्णांच्या पंगतीला वाढायला बायका धजत नसत, एकमेकींना पुढे ढकलत. हृषिकेशची आई, अहिल्याबाई, एवढीच काय ती निर्ढावलेली. "मीठ कमी आहे," असं अण्णा म्हणाले की ती उजव्या हाताला बसलेली असायची, तिथूनच मिठाची वाटी पुढे सरकवून म्हणायची, "मग घ्या की वरून." एवढ्या संवादावर त्यांचा संसार झाला होता, आणि बरा झाला होता.

फेब्रुवारीत अहिल्याबाई गेल्या. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेलेलं माणूस परत आलं नाही. उन्हाळ्यात अण्णा बहिणीबरोबर काशीला जाऊन अस्थी सोडून आले, आणि आले ते निराळेच होऊन. कशालाच नावं ठेवेनात. कच्ची पोळी वाढा, खारट वरण वाढा, शब्द नाही. नातेवाईक म्हणाले, वासुदेव साधू झाला. हृषिकेशने त्यांना सप्टेंबरात इकडे आणलं तेव्हा पहिल्या दिवशी स्वरूपाने भीत भीत पान वाढलं होतं. अण्णा काही बोलले नाहीत. तिला इतकं बरं वाटलं की तिने माहेरी फोन करून सांगितलं. आठवड्याभरात तिच्या लक्षात आलं, की अण्णा बोलत नाहीत हे खरं, पण जेवतही नाहीत. दोन घास घ्यायचे, उरलेलं पानात इकडून तिकडे सरकवायचं, "झालं" म्हणायचं आणि हात धुवायला उठायचं. त्यांचा शर्ट आता कोणीतरी वाळत घातल्यासारखा अंगावर लोंबत होता.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन इतकं उतरलं होतं, की लॅबवाल्यांनी खात्रीसाठी दुसऱ्यांदा मोजलं. लोहाच्या गोळ्या दिल्या, त्या अण्णांच्या पोटाला सोसेनात. "त्यांना खाऊ घाला," बाई म्हणाल्या, "मांस खात असतील तर उत्तमच." चंपाषष्ठीच्या दुसऱ्या दिवशी अण्णांचं परतीचं विमान होतं. व्हिसा त्यापुढे हलायला तयार नव्हता. कऱ्हाडला तिसऱ्या मजल्यावरच्या बंद घराचं कुलूप ते एकटे उघडणार होते, आणि त्या कुलपापर्यंत ते जिना चढून पोचतील का, याची हृषिकेशला आतून भीती वाटत होती. ही भीती त्याने कोणापाशी बोलून दाखवली नाही. त्याऐवजी त्याने पोषणमूल्यांचा तक्ता शोधून काढला.

पण मांसाची एक अडचण होती. काशीला गेलं की आपली आवडती एक गोष्ट सोडून यायची असते. व्यवहारी माणसं कारलं सोडतात. अण्णांनी काय सोडलं ते त्यांनी सांगितलं नव्हतं. विचारलं की, "सोडलं काहीतरी," एवढंच म्हणत. पण परत आल्यापासून रविवारच्या मटणाला त्यांनी दोन घासांपलीकडे हात लावला नव्हता, आणि मटणाइतकं त्यांना आयुष्यात दुसरं काही आवडलं नव्हतं. तेव्हा घरात सगळ्यांनी न बोलता निकाल लावून टाकला होता. अण्णांनी मटण सोडलं, आणि ते दोन घास म्हणजे सुनेचं मन राखण्यापुरते.

"मटण सोडलंय म्हणजे बोकड सोडलाय," एका रात्री हृषिकेश अचानक म्हणाला. स्वरूपा कपड्यांच्या घड्या करत होती. "हरीण कुठे सोडलंय?"

"काय?"

"हरणाचा खिमा. हे बघ. शिजवलेला, शंभर ग्रॅम. प्रोटीन सव्वीस ग्रॅमच्या वर. लोह तीन मिलिग्रॅमच्या वर. जस्त आहे, बी-ट्वेल्व्ह आहे, आणि चरबी जेमतेम आठ ग्रॅम! आपल्या बाजारातल्या खिम्याच्या निम्मीसुद्धा नाही. हे अन्न नाही स्वरूपा, हे औषध आहे."

"त्याचे डोळे बघितलेस कधी?"

"डोळ्यांचा खिमा नाही करायचा."

असल्या बाबतीत वडीलधाऱ्यांचा सल्ला घ्यावा म्हणून त्याने लताआत्याला फोन लावला. काशीला अण्णांबरोबर तीच होती. हरीण हा शब्द ऐकताच आत्याचा आवाज एकदम खाली गेला. "फोनवर नाव घेऊ नकोस रे! इथे पलीकडच्या गावात भेकर मारलं म्हणून दोघांना फॉरेस्टवाल्यांनी धरून नेलं."

"आत्या, इथे कायदेशीर आहे. लोक परवाना काढून शिकार करतात."

"असेल. तुझी नोकरी जायची एखादे वेळी." मग तिने नियमाच्या बाजूने विचार केला. "सोडताना माणूस जे मनात धरतो तेवढंच सुटतं. मनात बोकड असेल तर हरणाला बाध येत नाही. मी बाई पेरू सोडला. पण त्याने काय धरलं मनात, ते मला तरी कुठे बोलला? नुसता पाण्याकडे बघत उभा होता." तिकडे आत्याचा आवाज थोडा ओला झाला, आणि मग तिने दात दुखतात, या विषयावर बराच वेळ घालवला.

दुसरा सल्ला प्रणवचा. प्रणव त्याच्याच विभागात होता, वरच्या मजल्यावर राहायचा, आणि रोज व्यायामशाळेत जाऊन आल्यावर जगातल्या कुठल्याही माणसाच्या आहारावर मत द्यायला मोकळा असायचा. त्याने तक्ता पाहिला आणि एक शोध लावला. "हे बघितलंस का? कच्च्या खिम्यात प्रोटीन बावीसच्या आसपास आहे, शिजवलेल्यात सव्वीस. लोहाचंही तसंच. म्हणजे शिजवल्यावर वाढतं. गेनाऊ, अगदी बरोबर! मग जितकं जास्त शिजवशील तितकं चांगलं."

हृषिकेशला हे इतकं पटलं, की त्याने ते घरी येऊन स्वरूपाला सांगितलं.

"अरे, पाणी आटतं म्हणून आकडा वाढतो. दूध आटवलं की बासुंदी दाट होते, म्हणून काय म्हैस जास्त दूध देते?"

"मला थर्मोडायनॅमिक्स शिकवू नकोस."

"मी बासुंदी शिकवतेय."

खरं तर तिचं बरोबर आहे हे त्याला त्याच क्षणी कळलं होतं. पण म्हशीचं उदाहरण त्याच्या जिव्हारी लागलं. एम.टेक. झालेल्या माणसाला म्हशीने हरवावं, हे त्याला मानवेना. तो तोऱ्यात म्हणाला, "जास्त शिजवायचं म्हणजे शिजवायचं," आणि या एका वाक्याची किंमत पुढे त्या हरणाने मोजली.

हरीण कुठून आणायचं हा प्रश्न खालच्या मजल्यावरच्या फ्राउ लिंडिंगरनी सोडवला. सत्तरीच्या, सडसडीत, एकट्या राहणाऱ्या बाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. त्यांचा भाऊ आल्टम्यूलच्या खोऱ्यात शिकारी होता. "आल्झो, म्हणजे रेह पाहिजे," त्या म्हणाल्या. रेह म्हणजे इथलं लहान जातीचं हरीण. "माझा भाऊ देईल. पण तो खिमा विकत नाही. हरीण विकतो."

"मला अर्धा किलोच हवा होता."

"अर्धा किलो हरीण नसतं," फ्राउ लिंडिंगर म्हणाल्या. शनिवारी सकाळी धुक्यातून गाडी चालवत जाऊन तो अर्धं हरीण घेऊन आला. मांडी, खांदा, मान, पाठ, सगळं वेगवेगळ्या पिशव्यांत नीट बांधून दिलेलं. शिकाऱ्याने निघताना बजावलं होतं, की याला चरबी नाही, खिम्यात डुकराची थोडी चरबी घाल. हृषिकेशने मान हलवली आणि मनात नाही म्हटलं. एक तर डुक्कर अण्णांच्या पानात चालणार नव्हतं. आणि दुसरं म्हणजे, चरबी घातली की तक्त्यातले आठ ग्रॅम बिघडत होते.

आता हरीण घरात आलं, पण ठेवायचं कुठे? थोरातांच्या फ्रीजरचे तीन खण. एकात ओलं खोबरं, दुसऱ्यात मेथी, तिसऱ्यात गोठवलेले वाटाणे आणि स्वरूपाचं पुरण. पुरणाला हात लावू देणार नाही असं तिने दारात उभं राहून सांगितलं. तळघरातल्या आपल्या खोलीत एखादा जुना फ्रीजर ठेवावा म्हणून त्याने दारातूनच हाउसफरवाल्टुंगला, म्हणजे इमारत सांभाळणाऱ्या कचेरीला, फोन लावला. नशिबाने शनिवारीही कोणीतरी उचलला. तळघरातली वीज सगळ्यांची सामाईक आहे, तेव्हा जास्तीचं यंत्र लावायला घरमालकांच्या सभेची मंजुरी लागेल, असं पलीकडची बाई अतिशय प्रेमाने म्हणाली. सभा वसंत ऋतूत असते.

"हरीण तोपर्यंत थांबणार नाही," हृषिकेश म्हणाला.

"कोण?" बाईंनी विचारलं. त्याने फोन ठेवला.

म्हणून हरीण बाल्कनीत गेलं. नोव्हेंबर आहे, बाहेर फ्रीजरच आहे, असा त्याने हिशेब केला होता. पण इंजिनियरच्या हिशेबात दक्षिणेचा वारा नव्हता. रविवारी सकाळी आल्प्सवरून फ्योन सुटला. तो उबदार, डोकं दुखवणारा वारा आला की बायर्न प्रांतात माणसं चिडचिडी होतात आणि बर्फ वितळतं. धुकं गेलं, बाल्कनीतलं फुलझाड तरतरीत झालं, आणि पिशव्यांतून लालसर पाणी ठिबकून खालच्या मजल्यावरच्या फ्राउ लिंडिंगरच्या कुंडीत पडू लागलं.

"आजच करायला हवं सगळं," हृषिकेश म्हणाला. स्वरूपाने भिंतीवरचं कालनिर्णय पाहिलं. "आजच. उद्यापासून खंडोबाचं षड्रात्र बसतंय. चंपाषष्ठीपर्यंत घरात मांस शिजायचं नाही, आणि दुसऱ्या दिवशी अण्णा निघालेच. आजच्याखेरीज दिवस नाही."

थोरातांचा देव पालीचा खंडोबा. हृषिकेश एरवी फारसं काही पाळत नसे, पण हे सहा दिवस आई असताना कधी मोडले नव्हते. आई नसताना ते मोडायची त्याची छाती नव्हती. त्यात दिवस अमावास्येचा. अमावास्येला हरीण घरात, हे लताआत्याला कळवायचं नाही, असं नवराबायकोचं ठरलं.

खिमा करायचं जुनं विजेचं यंत्र फ्राउ लिंडिंगरनीच वर आणून दिलं. त्याआधी कुंडीबद्दल चार शब्द सुनावून घेतले, मग टेबलावरच्या पिशव्यांवर नजर टाकली आणि मटकन खुर्चीत बसल्या. "पाठ? पाठीचाही खिमा? रेहची पाठ नाताळला भाजतात, तरुण माणसा! माझ्या भावाला हे कळलं तर तो रडेल."

"लोह सगळ्या भागांत सारखंच असतं," हृषिकेश म्हणाला. हे त्याला नक्की माहीत नव्हतं, पण आता माघार घेणं शक्य नव्हतं. त्याने यंत्राचं बटण दाबलं.

रविवारी जर्मनीत आवाज करायचा नसतो. हे थोरातांना माहीत होतं. ते रविवारी व्हॅक्यूमसुद्धा लावत नसत, आणि कुकरच्या शिट्टीवर स्वरूपा ओला टॉवेल धरून उभी राहायची. पण त्या यंत्राचा आवाज असा होता, की त्यात हाडाची एक कणी जाताच संपूर्ण जिना जागा झाला. दारावर टकटक झाली. समोरच्या घरातले गृहस्थ उभे होते. हृषिकेशने दार उघडलं तेव्हा तो एप्रन घालून उभा होता, कोपरापर्यंत लाल झालेला. त्याने हसून "गुटेन मोर्गेन" म्हटलं, त्यामुळे परिस्थिती आणखीच बिघडली.

गृहस्थ दोन पावलं मागे सरले. "आज रविवार आहे," ते म्हणाले.

"हो, हो. माझ्या वडिलांसाठी," हृषिकेश म्हणाला, आणि हे वाक्य पुरं होण्याआधीच समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावरून त्याला कळलं, की ते भलतीकडे चाललं आहे. आतून फ्राउ लिंडिंगर बाहेर आल्या आणि अस्सल बायरिश भाषेत असं काही बोलल्या, की गृहस्थ निमूट घरात गेले. ती भाषा हृषिकेशला दहा वर्षांत कळली नव्हती, आणि त्या दिवशी त्याने तिचे आभार मानले.

या सगळ्या गोंधळात अण्णा खिडकीशी बसून होते. त्यांनी एकदा मान वळवून टेबलाकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं, मुलाच्या हातांकडे पाहिलं. त्यांचे ओठ किंचित हलले. मग ते पुन्हा बाहेर बघू लागले. हृषिकेशला वाटलं, वडिलांना आपला त्रास बघवत नाही. त्या भरात त्याने खिमा कुकरला लावल्यावर आणखी शिट्ट्या घेतल्या.

कांदा त्याने तव्यावर जेमतेम चमचाभर तेलात भाजला, तक्त्यासाठी. कमी तेलात कांदा भाजला जात नाही, जळतो. छताला लावलेल्या धुराच्या भोंग्याने हे आपल्या परीने सांगितलं. स्वरूपा खुर्चीवर चढून त्याला टॉवेलने वारा घालत होती, प्रणव वरून धावत आला आणि "प्रोटीन जळतंय का?" असं विचारून परत धावत गेला, आणि समोरच्या गृहस्थांचं दार या वेळी उघडलंसुद्धा नाही. त्यांनी बहुतेक आशा सोडली होती. कुकर उघडला तेव्हा आत खिमा होता, पण पाणी नव्हतं. वाळूत मिरची मिसळावी तसा तो मोकळा, तांबूस आणि अगदी निर्विकार दिसत होता.

"शिजलाय छान," हृषिकेश म्हणाला. स्वरूपा काही बोलली नाही. घरात आता न बोलणाऱ्यांचं बहुमत होत चाललं होतं.

पानं वाढली. फ्राउ लिंडिंगरना आग्रह करून अण्णांच्या उजव्या हाताच्या खुर्चीवर बसवलं होतं. त्यांच्याशिवाय हे घडलं नसतं, आणि त्यांना एकटं खाली पाठवणं बरं दिसलं नसतं. भाकरी, कांदा, लिंबू, मिठाची वाटी आणि मधोमध खिमा. हृषिकेशने अण्णांच्या पानात दोन डाव वाढले. वाढताना त्याच्या मनात आकडे चालू होते. मग त्याने तयार करून ठेवलेलं भाषण केलं.

"अण्णा, हे मटण नाही. बोकड नाही यात अजिबात. हरीण आहे. इथे कायद्याने चालतं. आत्यालाही विचारलंय. तुमचा नेम मोडत नाही. तुम्ही फक्त खा. थोडं तरी खा."

शेवटच्या दोन वाक्यांना त्याचा आवाज जेमतेम टिकला. अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं, भाकरीचा तुकडा मोडला, खिमा घेतला आणि घास तोंडात घातला. चावला. चावत राहिले. तिघं जण त्यांच्या जबड्याकडे बघत होती. तो वर-खाली होत होता, आणि घास जिथल्या तिथे होता. अण्णांचे डोळे पाणावले. ते तिखटाने, की प्रयत्नाने, की आणखी कशाने, ते कळायला मार्ग नव्हता. शेवटी त्यांनी पाण्याचा घोट घेऊन तो गिळला, आणि हात पानावर तसाच ठेवून बसले. अजून "झालं" म्हणाले नव्हते, पण म्हणणार हे दिसत होतं. हृषिकेशने मान खाली घातली.

तेवढ्यात फ्राउ लिंडिंगरनी काटा खाली ठेवला. "ट्रोकन," त्या स्पष्ट आवाजात म्हणाल्या. "फील त्सू ट्रोकन." आणि मग आणखी एक वाक्य.

"काय म्हणाल्या त्या?" अण्णांनी विचारलं. कितीतरी दिवसांनी त्यांनी स्वतःहून काही विचारलं होतं.

"काही नाही, अण्णा," स्वरूपा म्हणाली.

"सांग."

स्वरूपाने नवऱ्याकडे पाहिलं आणि सांगून टाकलं. "फारच कोरडं झालंय म्हणतात. बिचारं हरीण दोनदा मेलं. एकदा त्यांच्या भावाच्या हातून, आणि एकदा आमच्या."

अण्णांचे खांदे हलले. आधी कोणाच्या लक्षात आलं नाही, मग आवाज आला. अण्णा हसत होते. फेब्रुवारीपासून ते हसलेले कोणी पाहिले नव्हते. ते हसले, खोकले, पुन्हा हसले, आणि हसता हसता त्यांनी स्वेटरच्या बाहीने डोळे पुसायला सुरुवात केली ती थांबेना. "मी काही बोललो नाही हां," ते म्हणाले. "मी नाही बोललो." हे ते कोणाला सांगत होते ते कळेना, कारण टेबलाशी बसलेल्या कोणाकडेच ते बघत नव्हते.

"अण्णा," हृषिकेश म्हणाला, "तुम्हाला बोकड नको म्हणून तर..."

"बोकडाचं काय? बोकड कोणी सोडलाय?"

"काशीत?"

"मटण नाही सोडलं मी. मटण कशाला सोडू?" अण्णांनी नाक पुसलं. "भटजी म्हणाले, सगळ्यात आवडतं असेल ते तिच्या नावाने सोडा. लताने पेरू सोडला. तिला दात आहेत का पेरू खायला? मी म्हटलं, आपण फसवाफसवी करायची नाही. मला सगळ्यात आवडायचं काय? जेवायला बसायचं आणि तिच्या स्वैपाकाला नावं ठेवायची. तेच सोडलं. कोणाच्याही अन्नाला नाव ठेवायचं नाही म्हणून पाणी सोडून आलो."

हृषिकेशने खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"मग तुम्ही जेवत का नाही?"

"घास तोंडात गेला की बोलायचं ओठांवर येतं, हृषी. जन्माची सवय. बोलायचं तर नाही. आणि बोललो असतो तरी ऐकायला ती कुठे आहे? मग तो घास तिथेच राहतो. खाली उतरत नाही." त्यांनी सुनेकडे पाहिलं. "तुझ्या स्वैपाकाचा दोष नाही, बाळ." मग त्यांच्यातला लेखापरीक्षक जागा झाला असावा. "म्हणजे आहे. पण ते मी बोलणार नाही."

हृषिकेशला एकदम मोठ्याने रडावंसं वाटलं. लोह, जस्त, बी-ट्वेल्व्ह. त्याने तक्त्यातलं सगळं वाचलं होतं, आणि समोर बसलेल्या माणसाला एक प्रश्न नीट विचारला नव्हता.

अण्णा उठले. खुर्चीला धरत, मग भिंतीला धरत स्वैपाकघरात गेले. त्या माणसाने उभ्या आयुष्यात चहासुद्धा केला नव्हता. हृषिकेश मागे धावला तर स्वरूपाने त्याचा एप्रन धरून त्याला थांबवलं. आतून डबे उघडल्याचे आवाज आले. "तूप कुठे आहे?" मग, "एवढंसं?" मग बराच वेळ काही नाही, आणि नंतर कांद्याचा वास, हळूहळू, घाई न करता गुलाबी होत जाणारा. दारातून दिसत होतं. अण्णा कढईत वाकून बघत होते, थांबत होते, आलं-लसूण टाकत होते, मग खिमा, मग गरम पाणी, मग झाकण. कुठे थांबायचं ते त्यांना ठाऊक होतं. इतकी वर्षं तिच्या हाताला नावं ठेवायची, तर त्या हाताकडे इतकी वर्षं बघावंही लागलं असणार. हृषिकेशने मनातल्या मनात तुपाचे ग्रॅम मोजायला घेतले, आणि सोडून दिले.

बाहेर अंधारून आलं होतं. वारा पडला होता आणि धुकं परत येऊन काचेला लागलं होतं. अण्णांनी कढईच टेबलावर आणून ठेवली. स्वतःच्या पानात वाढून घेतलं, मग फ्राउ लिंडिंगरना वाढलं, मग मुलाला आणि सुनेला.

"हे माझ्या हातचं आहे," ते बसत म्हणाले. "याला मी बोललो तर चालतं. दुसऱ्याच्या अन्नाचा नेम आहे, माझ्या नाही."

त्यांनी घास घेतला. चावला. गिळला. घास खाली गेला.

"मीठ कमी आहे," अण्णा म्हणाले. चांगलं खणखणीत, कऱ्हाडच्या घरातल्या आवाजात. आणि बोलून झाल्यावर सवयीने, मान जराशी उजवीकडे कलती करून, ते थांबले. उजवीकडच्या खुर्चीवरून फ्राउ लिंडिंगरनी त्यांच्याकडे न कळून पाहिलं. हृषिकेशला आईचं ते वाक्य पाठ होतं, त्याच्या जिभेवरही आलं, पण ते आपलं नाही हे त्याला कळत होतं.

मग अण्णांनी स्वतःच हात लांब करून मिठाची वाटी ओढली, वरून मीठ घेतलं, आणि पान पुरतं रिकामं होईपर्यंत मान वर केली नाही.